फेऱ्या पूर्ण होत नाहीत, काय करावे?

प्रश्न : मी चार महिन्यांपासून रोलर डर्बी, म्हणजे चाकांचे बूट घालून लंबगोल ट्रॅकवर एकमेकांना धक्के देत खेळायचा सांघिक खेळ, शिकते आहे. पुढच्या महिन्यात आमची मूलभूत कौशल्यांची चाचणी आहे. तीत ५ मिनिटांत २७ फेऱ्या मारायच्या आहेत आणि माझ्या २२च्या वर जात नाहीत. रोज फेऱ्याच मारते, तरी आकडा हलत नाही. आणखी काय करावे?

उत्तर : २७ फेऱ्यांसाठी एका फेरीला सुमारे ११ सेकंद मिळतात, आपल्याला साडेतेरा लागतात. हे अडीच सेकंद केवळ दमसासाने भरून निघणार नाहीत, कारण ते बहुधा वळणावर सांडत असतात. ट्रॅकवर आपण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे टाकण्याकडेच नवख्या खेळाडूचे सारे लक्ष असते. खरा वेग मात्र डावा पाय चाकांच्या बाहेरच्या कडेवर रेलून शरीराखालून उजवीकडे जो रेटा देतो, त्यातून येतो. तो रेटा नसेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे पायावरून पाय टाकणे, नुसता दिसायला होतो. गुडघे वाकवून संथ गतीने लहान वर्तुळात फिरत डाव्या पायाचा हा रेटा घोटवा आणि पूर्ण ५ मिनिटांच्या फेऱ्या आठवड्यातून दोनदाच मोजा.

तरीही फेऱ्यांचे हे वेड मला थोडे अनाठायी वाटते. चाचणी घेणारा मुख्यतः एवढेच पाहत असतो, की आपल्याशेजारी खेळणारी व्यक्ती सुरक्षित आहे की नाही. म्हणून पडण्याचा सराव रोज करा. गुडघ्याच्या पॅडवर उतरायचे, हात अंगाशी ठेवायचे आणि मुठी मिटलेल्या ठेवायच्या, कारण पसरलेल्या बोटांवरून मागून येणाऱ्याची चाके जाऊ शकतात. उठताना जमिनीला हात न लावता, एक पाय पुढे रोवून, लगेच उभे राहायचे. थकल्यावर हे बिघडते, तेव्हा सरावाच्या शेवटी पाच-सहा वेळा मुद्दाम पडून पाहा.

थांबण्याच्या प्रकारांपैकी प्लाऊ स्टॉप, म्हणजे पाय फाकवून बोटे आत वळवत थांबणे, आपल्याला जमत असेल असे मी गृहीत धरतो. टी-स्टॉपमध्ये, म्हणजे मागचा पाय आडवा ओढत थांबताना, तो पाय फक्त पुढच्या चाकांवर ओढला तर शरीर गर्रकन फिरते. चारही चाके जमिनीला टेकलेली ठेवा. पुढून मागे वळण्याचा सराव दोन्ही बाजूंनी करा, कारण नावडती बाजू परीक्षक हमखास विचारतात. धक्क्यांच्या बाबतीत कोपर, हाताचा पुढचा भाग आणि डोके यांनी धक्का देता येत नाही, तसेच पाठीवर धक्का देता येत नाही, हे अंगवळणी पडलेले असावे.

चाचणीच्या आदल्या दिवशी नवी चाके बसवू नका. टो-स्टॉप, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकाचे रबरी ब्रेक, घट्ट आहेत का ते मात्र चाचणीच्या दिवशी सकाळी स्वतः पाहा.