*ब्रेझा नव्हे, *बेर्झा

तुमचा प्रश्न असा की, सर्बियन, बल्गेरियन, स्लोव्हेनियन तिन्हींत भूर्जवृक्षाला 'ब्रेझा' म्हणतात, मग आदिस्लाव्ह (या सगळ्या भाषांची मूळ भाषा) रूप *ब्रेझा (तारा म्हणजे लिखित पुरावा नसलेलं, तर्काने काढलेलं रूप) धरून रशियन 'बेर्योझा' अपवाद मानायचा का? आणि तो शब्द चालवायचा कसा?

इथे बहुमत चालत नाही. ज्या रूपातून सगळी रूपं नियमाने निघतात, ते मूळ. मुळात 'ब्रे' असतं तर रशियनने ते तसंच ठेवलं असतं. पाप या अर्थी बल्गेरियन 'ग्र्याख', रशियन 'ग्रेख'. 'गेरेख' कुठेच नाही. आता काठ घ्या. बल्गेरियन 'ब्र्याग', पण रशियन 'बेरेग'. म्हणजे काठाच्या आणि भूर्जाच्या शब्दांत मूळ क्रम 'एर्' होता. दक्षिणेकडे (सर्बियन, बल्गेरियन, स्लोव्हेनियनमध्ये) 'र' स्वराच्या आधी सरकला, पूर्वेकडे (रशियनमध्ये) त्याच्या दोन्ही बाजूंना स्वर आला. स्लाव्ह भाषांच्या जवळच्या लिथुएनियनमधल्या 'बेर्झास'मध्ये तो जागचा हललेलाच नाही. म्हणून *बेर्झा.

आता आघात ऐका, मला यातली सर्वांत गोड गोष्ट हीच वाटते. 'बेरेग'मध्ये आघात पहिल्या स्वरावर, 'बेर्योझा'त दुसऱ्यावर. हा फरक 'र'नंतरच्या एका लुप्त कंठ्य ध्वनीची खूण आहे. आपल्या 'भूर्ज'मधला ऊ दीर्घ आहे, तोही त्याच ध्वनीमुळे.

'भूर्ज' आणि 'बेर्झास' पुल्लिंगी आहेत म्हणून बिचकू नका. स्लाव्ह भाषांत हा शब्द सगळीकडे स्त्रीलिंगीच, तेव्हा तो आकारान्त स्त्रीलिंगी नामासारखा चालवा. एकवचन: प्रथमा *बेर्झा, द्वितीया *बेर्झों, तृतीया *बेर्झोयों, चतुर्थी आणि सप्तमी दोन्ही *बेर्झे, षष्ठी *बेर्झी (हा 'ई' जीभ मागे ओढून), संबोधन *बेर्झो. द्वितीया-तृतीयेतला अनुस्वार मनचा नाही. पोलिश तृतीयेत तो अजून ऐकू येतो, रशियन द्वितीयेत त्याचा 'उ' झाला. अनेकवचनी षष्ठीत शेवटी फक्त तोकडा उकार होता. तो गळाला, म्हणून रशियनमध्ये नुसतं 'बेर्योझ' उरतं. ते पाहून शब्द पुल्लिंगी ठरवू नका, ही चूक मीही केली होती. द्विवचनही होतं, प्रथमेला *बेर्झे. आघात सर्व रूपांत धातूवरच ठेवा.