टेक्नेशियम युरेनियमच्या पंगतीला का बसत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: टेक्नेशियम माणसाने बनवलेलं आणि किरणोत्सारी आहे, मग आवर्तसारणीत ते तळाच्या ॲक्टिनाइडांमध्ये (युरेनियमच्या रांगेत) न जाता वर मँगनीजच्या खाली कसं? मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी द्रव्यांनी तपासणी-उपचार करणाऱ्या विभागात) काम करते, रोज सकाळी हेच मूलद्रव्य हाताळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जागा ठरते अणुअंकावरून, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येवरून. टेक्नेशियमचा अणुअंक 43, म्हणून मोलिब्डेनम (42) आणि रुथेनियम (44) यांच्या मधे, गण 7 (सातवा उभा स्तंभ), डी-खंडातला म्हणजे सारणीच्या मधल्या पट्ट्यातला संक्रामक धातू. मेंडेलीव्हने ही जागा रिकामी ठेवून तिला 'एका-मँगनीज' म्हटलं होतं. त्यातला 'एका' म्हणजे संस्कृतातला 'एक'. केंद्रक टिकाऊ आहे की नाही, हा प्रश्न सर्वस्वी वेगळा.

हे मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते जनरेटरपाशी, म्हणजे आमच्याकडे टेक्नेशियम मिळवायचं जे उपकरण असतं त्याच्यापाशी. शिशाच्या जाड कवचात ॲल्युमिनाची छोटी नळी असते, तिला मोलिब्डेनम-99 चिकटलेलं असतं (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 66 तास). एका सुईवर सलाइनची बाटली, दुसरीवर निर्वात बाटली लावली की सलाइन नळीतून ओढलं जातं आणि मोलिब्डेनमच्या ऱ्हासातून तयार झालेलं टेक्नेशियम-99एम ('एम' म्हणजे जास्त ऊर्जेची, अर्धस्थिर अवस्था) धुऊन आणतं. मोलिब्डेनम मागेच राहतं. दिसायला नुसतं पाणी! आत असतो परटेक्नेटेट, म्हणजे टेक्नेशियम आणि ऑक्सिजनचा ऋणभारित आयन. तो आकाराने आणि भाराने आयोडाइडसारखा, त्यामुळे थायरॉइड त्याला आयोडीन समजून आत घेते. ग्रंथीला किरणोत्साराचं काही देणंघेणं नसतं. हाडांच्या स्कॅनसाठी मात्र कथिलाच्या क्षाराने त्याचं क्षपण करून (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन) ते फॉस्फोनेटला बांधावं लागतं. हे सगळं साधं संक्रामक धातूचं रसायनशास्त्र.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. मँगनीजखाली आहे म्हणून ते मँगनीजसारखं वागेल असं धरू नका. परमँगनेट गडद जांभळं आणि जबरदस्त ऑक्सिडीकारक. परटेक्नेटेटचं द्रावण रंगहीन, आणि ऑक्सिडीकारक म्हणून बरंच सौम्य. स्वभाव खालच्या रेनियमचा जास्त. धातू म्हणून ते रुपेरी-करडं, 2157 अंश सेल्सिअसला वितळणारं.

मग इतकं हलकं असून अस्थिर का? शेजाऱ्यांमुळे, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. एकाच मूलद्रव्याचे न्यूट्रॉनांच्या संख्येने वेगळे अणू म्हणजे समस्थानिक, आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या म्हणजे वस्तुमानांक. वस्तुमानांक सारखा असलेल्या दोन लगतच्या मूलद्रव्यांचे समस्थानिक सहसा दोन्ही स्थिर नसतात. टेक्नेशियमला सोयीचे वस्तुमानांक 94 ते 102, आणि त्या प्रत्येकावर मोलिब्डेनम किंवा रुथेनियम आधीच ठाण मांडून बसलंय. याच्या वाट्याला रिकामी जागाच उरत नाही. सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकांचं अर्धायुष्य 42 लाख वर्षांच्या आसपास, पृथ्वीच्या वयापुढे ते काहीच नाही. सुरुवातीला असलेलं सगळं कधीच संपलं.

म्हणूनच ते सापडलं प्रयोगशाळेत. 1937 साली सिसिलीत पालेर्मोला पेरियर आणि सेग्रे या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधल्या (भारित कणांना वेग देणाऱ्या यंत्रातल्या) मोलिब्डेनमच्या पत्र्यातून ते वेगळं काढलं. नावही 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. पण 'निसर्गात अजिबात नाही' असं उत्तरात लिहू नका. 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा दिसल्या, आणि पुढे युरेनियमच्या खनिजातही ते अत्यल्प प्रमाणात मिळालं. तिथे युरेनियमची केंद्रकं आपोआप फुटतात, त्यातून ते सतत तयार होत असतं.