वाचकांचे प्रश्न : अर्जाची तारीख, ऑर्डरची तारीख

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी आमच्या भागात एक मोठी कंपनी दहा वर्षांची करमाफी देऊन आणली. पायाभरणीच्या दिवशी ‘चारशे जणांना रोजगार’ असा फलक लागला होता. कारखाना चालू आहे, सकाळ-संध्याकाळ बसगाड्या भरून माणसं येतात-जातात. पण माझ्या हाताखालून शिकून गेलेली मुलं होती तिथेच आहेत आणि बेकारीचा आकडाही हललेला नाही. यावरून आमच्या घरात वाद होतो. वडील म्हणतात, ‘सवलत दिली नसती तर एवढंही आलं नसतं.’ करसवलतींनी स्थानिक बेकारी खरंच कमी होते का? – एक शिक्षिका

उत्तर : आधी तुमच्या वडिलांचं वाक्य घेतो, कारण माझ्या नोकरीची एकोणीस वर्षं त्याच वाक्याभोवती गेली. उद्योगांना सवलती मंजूर करणाऱ्या एका कार्यालयात मी छाननीच्या टेबलावर होतो. अर्जात एक छापील रकाना असे : ‘सवलत न मिळाल्यास प्रकल्प याच ठिकाणी उभारणार काय?’ उत्तर ठरलेलं, ‘नाही’. एकोणीस वर्षांत एकानेही ‘हो’ लिहिलेलं मी पाहिलं नाही. आणि का लिहावं? तिथे ‘हो’ लिहिणारा माणूस धंद्यात टिकेल असं मलाही वाटत नाही.

म्हणून मी त्या रकान्याकडे बघणं सोडलं आणि तारखा बघायला लागलो. अर्जासोबत यंत्रांच्या ऑर्डरची प्रत जोडलेली असे. कितीतरी फायलींत ऑर्डरची तारीख अर्जाच्या आधीची निघायची. म्हणजे यंत्रं सांगून झाली, आगाऊ रक्कम गेली आणि मग ‘सवलत मिळाली तरच येऊ’ असं लिहून आलं. एका फाईलला जोडलेल्या फोटोत तर कमरेइतक्या भिंती उभ्या होत्या आणि खाली लिहिलं होतं ‘प्रस्तावित जागा’. मी टिपणीत तसं नमूद केलं. साहेब वाचून गालातल्या गालात हसले. म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण हे पेन्सिलीने लिहा.”

मी जे पेन्सिलीने लिहीत होतो त्यावर जगात पुष्कळ शाईही खर्च झाली आहे. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी 2018 साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला. सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी सवलतीमुळेच ज्यांचा निर्णय फिरला, अशांचं प्रमाण त्यांनी साधारण 2 ते 25 टक्के काढलं. बाकीच्या कंपन्या तशाही आल्याच असत्या, तशाही वाढल्याच असत्या. कारण सरळ आहे. बहुतेक उद्योगांत स्थानिक कर हा खर्चाचा लहानसा भाग असतो. कुशल माणसं मिळतात का, वीज खात्रीची आहे का, माल वेळेत बंदराला किंवा गिऱ्हाइकाला पोचतो का, यावर जागा ठरते. दोन जागा अगदी तुल्यबळ असल्या, तरच करमाफीने पारडं झुकतं.

ॲमेझॉनची गोष्ट घ्या. 2017 साली कंपनीने दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा हवी असल्याचं जाहीर केलं आणि 238 प्रस्ताव आले. 2018च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनलगतचा उत्तर व्हर्जिनिया यांची निवड झाली. न्यूयॉर्कने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या. स्थानिक विरोध झाला आणि 2019च्या फेब्रुवारीत कंपनीने तिथून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात ॲमेझॉनने मॅनहॅटनमध्ये दीड हजारांहून अधिक लोकांसाठी जागा भाड्याने घेतली, तीही कुठल्या खास सवलतीशिवाय. तुमचे वडील यावर म्हणतील, ‘पंचवीस हजार सांगितले होते, आले दीड हजार. गेलेच ना?’ तो मुद्दा मी खोडणार नाही. त्यांना एवढंच विचारा की दोन्ही आकड्यांतली नेमकी किती माणसं सवलतीने आली असती. हे त्यांनाही सांगता येणार नाही, मलाही नाही आणि सवलत देणाऱ्यांनाही नाही. तरी सही झाली होती.

आता तुमचा खरा प्रश्न. धरून चाला की तुमच्याकडचा कारखाना सवलतीमुळेच आला, तारखा अगदी सरळ आहेत. तरी बेकारी कमी का झाली नाही? याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. बसगाड्या भरून माणसं येतात. कुठून येतात?

कागदावर मांडून बघू. आकडे हिशेबापुरते माझे. एखाद्या भागात काम करणारे आणि काम शोधणारे मिळून 50,000 लोक आहेत. त्यातले 4,000 बेकार, म्हणजे दर 8 टक्के. चारशे नोकऱ्या निघाल्या. त्यातल्या तीनशे बाहेरून राहायला आलेल्यांनी घेतल्या, कारण त्यांना ते यंत्र चालवता येत होतं. शंभर स्थानिक लोक लागले. बेकार उरले 3,900, एकूण झाले 50,300. दर पावणेआठच्या आसपास. फलकावर चारशे आणि दरात पाव टक्का! आता यात आणखी एक गोष्ट घाला. कारखाना आल्याचं ऐकून घरी बसलेले अडीचशे लोक काम शोधायला लागले. जो काम शोधतच नाही तो बेकारांत मोजला जात नाही. शोधायला लागला की मोजला जातो. बेकार झाले 4,150, एकूण 50,550. दर 8.2 टक्के. कारखाना आला आणि बेकारीचा दर वर गेला. हा अपयशाचा पुरावा नाही हं. आशा सोडलेली माणसं पुन्हा उठली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दरावरून भांडण करायचं असेल तर त्या दरात काय काय मिसळलेलं असतं, ते दोघांनाही माहीत असावं.

बाहेरून येणाऱ्यांचा हा परिणाम काळाबरोबर वाढत जातो. पहिल्या वर्षी स्थानिक माणसाला संधी असते. पुढे जसजशी खबर पसरते तसे लोक राहायला येतात आणि नव्या नोकऱ्यांचा मोठा भाग त्यांच्याकडे जातो. त्यांचा दोष नाही, कामासाठी माणूस हलतोच. पण घरभाडं वाढतं, ते मात्र बेकार राहिलेल्यालाही भरावं लागतं.

शिवाय काही नोकऱ्या नुसत्या शेजारून उचलून आणलेल्या असतात. अमेरिकेतलं कॅन्सस सिटी हे महानगर कॅन्सस आणि मिसूरी या दोन राज्यांच्या हद्दीवर पसरलेलं आहे. वर्षानुवर्षं दोन्ही राज्यं एकमेकांच्या कंपन्या करमाफी देऊन पळवत होती. कंपनी काही मैल सरकायची, कामगार त्याच घरातून वेगळ्या रस्त्याने कामावर जायचा आणि दोन्हीकडचे पुढारी ‘रोजगारनिर्मिती’चे आकडे सांगायचे. शेवटी 2019 साली दोन्ही राज्यांनी हे थांबवायचं ठरवलं. आमच्या कार्यालयातही असे ‘नवे’ कारखाने यायचे. यंत्रांच्या यादीत ‘स्थिती : वापरलेली’ असं दिसलं की मी ओळखायचो, कुठेतरी एक शेड रिकामी झाली आहे.

मग सवलती सगळ्या फुकटच जातात का? नाही. मीही निवृत्तीनंतर जरा कडवट झालो आहे, तेव्हा उलट बाजूचे पुरावे मुद्दाम सांगतो. भारतात 2003 साली उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशासाठी उत्पादन शुल्क आणि प्राप्तिकरात मोठी सूट जाहीर झाली. नंतरच्या अभ्यासात तिथले कारखाने आणि त्यांतला रोजगार दोन्ही स्पष्ट वाढलेले दिसले. ब्रिटनमध्ये मागास भागांतल्या गुंतवणुकीला दिलेल्या सरकारी अनुदानाचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ती करमाफी नव्हती, रोख मदत होती. पण त्यात जे निघालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. लहान कंपन्यांनी खरंच माणसं वाढवली आणि त्या भागातली बेकारी उतरली. मोठ्या कंपन्यांनी पैसे घेतले, पण त्यांच्या रोजगारावर परिणाम दिसला नाही. मोठ्या कंपनीकडे पैसा असतोच, लहानाचं अडलेलं असतं. पण पायाभरणीला मोठी कंपनीच शोभते. बारा माणसांच्या वर्कशॉपसाठी कोणी मांडव घालत नाही.

आणि अमेरिकेतलं 1993चं ‘एम्पॉवरमेंट झोन’. गरीब वस्त्या आखल्या गेल्या आणि मालकाला सवलत मिळायची ती मजुरीवर : कामगाराच्या पहिल्या 15,000 डॉलर मजुरीचे 20 टक्के, म्हणजे माणशी वर्षाला 3,000 डॉलरपर्यंत. अट अशी की कामगार त्याच वस्तीत राहणारा आणि तिथेच काम करणारा हवा. तिथे स्थानिकांचा रोजगार वाढल्याचं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. याच धर्तीची पण सैल अटींची कॅलिफोर्नियाची ‘एंटरप्राइझ झोन’ योजना घ्या. तिने रोजगार वाढल्याचं 2010च्या अभ्यासाला आढळलं नाही आणि 2013 साली राज्याने ती गुंडाळायचा कायदा केला.

आमच्या अर्जात कामगाराच्या पत्त्याचा रकाना नव्हता. मी एकदा सुचवला. ‘फॉर्म मोठा होईल’ असं उत्तर आलं.

वडिलांशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा दोन गोष्टी विचारा : यंत्रांची ऑर्डर कधी दिली आणि हजेरीपटावरच्या माणसांचा कारखाना येण्याआधीचा पत्ता काय होता. दोन्ही कागद कंपनीकडे असतात.

प्रश्न : कंपनीने कबूल केलेल्या नोकऱ्या दिल्या नाहीत तर सवलतीचे पैसे परत घेता येतात का? – एक नगरसेवक

उत्तर : करारात लिहिलं असेल तर येतात. आणि नुसतं ‘परत घेऊ’ लिहिण्यापेक्षा ‘आधी माणसं, मग पैसे’ हे कितीतरी सोपं. दिलेले पैसे परत मागायला गेलात की कंपनी म्हणते, ‘मग आहेत त्यांनाही काढावं लागेल.’ त्या वाक्यापुढे भलेभले गप्प झालेले मी पाहिले आहेत.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 2017 साली फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपनीशी केलेला करार अभ्यासण्यासारखा आहे. कबूल झाल्या 13,000 नोकऱ्या, राज्याच्या सवलती सुमारे 3 अब्ज डॉलर. भागाकार केला तर नोकरीमागे सव्वादोन लाख डॉलरहून जास्त. तेवढ्या नोकऱ्या आल्या नाहीत. पण राज्याची कर-परतफेड प्रत्यक्ष भरतीशी आणि गुंतवणुकीशी बांधलेली होती, म्हणून तो मोठा पैसा बाहेर गेलाच नाही. 2021 साली नवा करार झाला : 1,454 नोकऱ्या आणि जास्तीत जास्त 8 कोटी डॉलर. फसगत झाली ती वेगळ्याच ठिकाणी. तिथल्या स्थानिक संस्थांनी जमिनी घेतल्या, घरं पाडली, रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्या टाकल्या. हा खर्च आधीच होऊन गेला होता. तेव्हा करारात फक्त कर बघू नका. तुमची संस्था स्वतःच्या पैशाने काय काय बांधून देणार आहे ते वेगळ्या कागदावर काढा आणि नोकऱ्या आल्या नाहीत तर त्याचं कर्ज कोण फेडणार, तेही तिथेच लिहा.

‘नोकरी’ म्हणजे काय याची व्याख्याही घालून घ्या. पूर्ण वेळ की अर्धा, कंपनीच्या हजेरीपटावर की कंत्राटदाराच्या, किती महिने टिकलेली. एका प्रकल्पात बांधकामावरचे मजूर ‘निर्माण झालेल्या रोजगारात’ धरलेले मी स्वतः खोडले आहेत. त्या वेळी मात्र पेनाने.

प्रश्न : आमच्याकडे मोठं डेटा सेंटर येतंय. गुंतवणुकीचा आकडा प्रचंड आहे. मुलाने दुसरीकडे लागलेली नोकरी घ्यावी की याच्यासाठी थांबावं? – एक पालक

उत्तर : घ्यावी. गुंतवणूक प्रचंड असते ती संगणकांत आणि त्यांना थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत. बांधकाम चालू असेपर्यंत गर्दी दिसते. एकदा चालू झालं की एवढ्या पैशाच्या मानाने फार थोडी माणसं लागतात. भांडवलावर सवलत दिली की कंपनी भांडवल वाढवते. तुमच्या मुलाला विजेच्या किंवा वातानुकूलनाच्या देखभालीचं काम येत असेल तर जाहिरात निघाल्यावर जरूर अर्ज करू द्या. नोकरीत असताना केलेला अर्ज तसाही जरा जास्त लक्षपूर्वक वाचला जातो.