ख्रिस्ती माणसाने शब्बाथ कधी पाळायचा, शनिवारी की रविवारी?

तुमच्या मावशीच्या घरचे शनिवारी उपासना करणाऱ्या मंडळीत जायला लागले. रविवार पाळणारे चौथी आज्ञा, म्हणजे शब्बाथ हा विसाव्याचा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा, मोडतात, असं ते तुम्हाला सांगतात. तुमची सांगलीतली नोकरी अशी की शनिवारी ड्युटी असतेच. तेव्हा खरं काय, आणि नोकरी सोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगते. शब्बाथ शनिवारचाच. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत. तो उचलून रविवारवर ठेवल्याची एकही ओळ बायबलच्या नव्या करारात नाही. इथपर्यंत मावशीचं बरोबर आहे. पण म्हणून रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाणारा आज्ञा मोडतो, असं होत नाही. रविवार हा शब्बाथ नाहीच. तो प्रभूचा दिवस, पुनरुत्थानाचा. हे दोन वेगळे दिवस आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ झाली आहे.

सरमिसळ कुठून आली तेही सांगते, कारण मी मिरजेची आहे. आमच्या भागात सुवार्ता आणली ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने. मिरजेचा मिशन दवाखाना काढणारे डॉ. वानलेस याच मिशनचे. या लोकांची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी म्हणजे १६४७ च्या सुमाराला लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरला तयार झालेली. तिच्यात साफ लिहिलंय की ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापासून आठवड्याचा पहिला दिवस हाच ख्रिस्ती शब्बाथ. त्यामुळे आमच्या घरांत रविवारी सुईदोरा हातात घ्यायचा नाही, बाजार करायचा नाही, मुलांनी शब्बाथशाळेला जायचं. शिस्त चांगली होती. पण तिच्यामागचा युक्तिवाद सतराव्या शतकातल्या इंग्लंडचा, पेत्र-पौल या प्रेषितांचा नव्हे. शनिवारवाले नेमकं इथेच बोट ठेवतात आणि आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना उत्तर सुचत नाही.

आता त्यांच्या बाजूचं जे कच्चं आहे ते. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहाने किंवा पोपने शनिवारचा रविवार केला. कॉन्स्टंटाईनचा हुकूम ७ मार्च ३२१ चा. त्याने कचेऱ्या, शहरातली माणसं आणि कारागीर यांना सूर्याच्या दिवशी सुट्टी दिली. पण रविवारी जमणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. साधारण इ. स. १५० मध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक रोमच्या बादशहाला समजावून सांगतो की आम्ही सूर्याच्या दिवशी एकत्र येतो, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचतो, भाकर आणि द्राक्षारस घेतो, आणि गोळा झालेलं दान अनाथ-विधवांना देतो. बादशहा ख्रिस्ती व्हायच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. कॉन्स्टंटाईनने नवी काय दिली, तर सुट्टी. तीसुद्धा शेतकऱ्याला नाही! हुकुमातच म्हटलंय की पेरणीला आणि द्राक्षवेलींच्या लागवडीला पुष्कळदा दुसरा दिवस इतका योग्य मिळत नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी खुशाल काम करावं. तासगावच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. वाफसा आला की वार कोण बघतो?

‘सूर्यदेवाचा दिवस म्हणून रविवार बाटलेला’ हा मुद्दा तर आपल्या मुलखात फारच लंगडा पडतो. इथे रविवार खंडोबाचा, सातारा जिल्ह्यातल्या पालीला जाऊन बघा. आणि शनिवार मारुतीचा. चाफळपासून शिराळ्यापर्यंत समर्थांचे मारुती पसरलेत. इतर कुणी त्या दिवशी कुणाची पूजा करतं म्हणून दिवस बाद करायचा, तर आठवड्यात ख्रिस्ती माणसाला एकही वार उरणार नाही. आणि आपल्याकडची रविवारची साप्ताहिक सुट्टी चर्चने मिळवून दिली असंही समजू नका. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कामगार पुढाऱ्याने मुंबईच्या गिरणी मालकांशी वर्षानुवर्षं झगडून १८९० च्या जूनमध्ये ती पदरात पाडून घेतली. रविवारच का, तर खंडोबाचा वार म्हणून, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

इतिहास पूर्ण आपल्या बाजूने आहे असंही नाही. पाचव्या शतकात सॉक्रेटिस नावाचा चर्चचा इतिहासकार लिहितो की जगातल्या जवळजवळ सगळ्या मंडळ्या शब्बाथाच्या दिवशीही प्रभुभोजन घेतात, फक्त रोम आणि अलेक्झांड्रियावाले घेत नाहीत. इथिओपियाच्या जुन्या चर्चने तर दोन्ही दिवस मानले. चौथ्या शतकात लावदिकियाच्या परिषदेने शनिवारी काम करा, रिकामे बसू नका, असा नियम केला. लोक बसत असणार, म्हणूनच तो करावा लागला.

पण शेवटी वचन काय म्हणतं ते महत्त्वाचं. रविवारवाले सहसा नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातलं २०:७ काढतात, त्रोवसला भाकर मोडायला जमले ती जागा. मला तो आधार फार भक्कम वाटत नाही. पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून मध्यरात्रीपर्यंत बोलत बसला आणि एक पोरगा पेंगून खिडकीतून पडला. एका रात्रीच्या बैठकीवरून कायदा होत नाही. खरा मुद्दा त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचं किती ओझं टाकायचं, यावर यरुशलेमेत बैठक झाली. निर्णयाच्या पत्रात चार गोष्टी आल्या: मूर्तीला अर्पण केलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं, आणि जारकर्म. शब्बाथाचा उल्लेख नाही. हे पत्र ज्यांना गेलं त्या अंत्युखियातल्या लोकांना तारणासाठी शनिवार पाळणं आवश्यक असतं, तर ते सांगायची यापेक्षा चांगली संधी कोणती होती?

पुढे कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (२:१६) पौल म्हणतो की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये. शनिवार पाळणारे ॲडव्हेंटिस्ट लोक म्हणतात की हे वार्षिक शब्बाथ, साप्ताहिक नव्हेत. पण सण, अमावास्या, शब्बाथ ही तिघांची ओळ जुन्या करारात ठरलेली आहे: वर्षाचं, महिन्याचं, आठवड्याचं. यहेज्केल ४५:१७ बघा. वार्षिक दिवस ‘सण’ म्हणून आधीच येऊन गेले, मग पुन्हा तेच कशाला मोजायचे? रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर पौल दिवस पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याला दोघांनाही सांभाळून घेतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, एवढंच त्याचं म्हणणं.

मावशीकडच्यांना हे ऐकवून भांडायला मात्र जाऊ नका. त्यांच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक उरकून, मोबाईल बाजूला ठेवून सगळे एकत्र बसत असतील, तर आपल्यापैकी किती जणांच्या रविवारी तसं होतं? देवळातून साडेअकराला बाहेर, मग मटणाच्या दुकानासमोर रांग, मग दुपारभर टीव्ही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा दिली आहे, तिथे कारण वेगळं आहे. तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास. ही आज्ञा सर्वात जास्त मोडली जाते ती या ओळीत, आणि ती दोन्ही पक्ष मोडतात. उपासनेनंतरच्या मटणाची भांडी घासायला येणारी बाई रविवारी येते की नाही? कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळीला कुठला वार सुट्टीचा? शनिवार-रविवारच्या वादात शिरलेल्यांपैकी हा प्रश्न विचारणारं मला कुणी भेटलेलं नाही.

आता तुमची नोकरी. सोडू नका. मी नर्स होते, नोकरीभर रविवारच्या ड्युट्या केल्या, कधी कधी नाताळच्याही. येशूने शब्बाथाच्या दिवशी अठरा वर्षं वाकलेली बाई सभास्थानात, सगळ्यांसमोर बरी केली, आणि ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही’ हेही त्याचंच वाक्य. दवाखाना, वीज, पाणी, एसटी यांत कामाला असाल तर प्रश्नच नाही. दुकानात किंवा ऑफिसात असाल तरी शनिवारी काम केल्याने तुमचं तारण जात नाही.

पण वचन वाचून तुमची स्वतःची खात्री शनिवारचीच झाली, मावशीच्या आग्रहाने नव्हे, तर तसं वागा. त्यासाठी राजीनामा लागत नाही. साहेबांना आधी लेखी विचारा की शनिवारऐवजी रविवारी येऊ का. रविवारी यायला तयार असलेला माणूस कुठल्याही साहेबाला हवाच असतो. आमच्याकडे सगळ्या सिस्टर असंच करायच्या. दिवाळीला माझी ड्युटी, नाताळला त्यांची. मात्र महिन्याचा ड्युटी चार्ट लागण्याआधी सांगा. लागल्यावर सांगितलं तर तुमच्या शब्बाथासाठी दुसऱ्या कुणाची तरी सुट्टी जाते.