मुलीची बुद्धिमत्ता चाचणी करून घ्यावी का?

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी दुसरीत आहे. चौथीची गणिते ती तोंडी सोडवते, वर्गात मात्र कंटाळून वहीच्या मागच्या पानावर चौकटी काढत बसते. तिची चाचणी करावी, असे नातेवाईक सुचवतात. काय करावे?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, चाचणीच्या निकालावरून तुम्ही नेमका कोणता निर्णय घेणार आहात, हे आधी ठरवा. शाळेकडे वरच्या पातळीचे काम मागायचे असेल, किंवा ती तोंडी हुशार असूनही लेखनात अडखळत असेल, तर चाचणी जरूर करावी. केवळ आकडा कळावा म्हणून मात्र नको. पाचवीत ज्ञान प्रबोधिनीच्या, म्हणजे बुद्धिमान मुलांसाठीच्या, प्रशालेचा विचार असेल, तर तेथे स्वतंत्र निवड चाचण्या असतात. आताचा अहवाल तेथे कामी येणार नाही.

चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून, गटात न बसवता एकट्या मुलीची आणि तिला सहज येणाऱ्या भाषेतच व्हावी. डॉ. कामत यांनी बिने या बुद्धिमत्ता चाचणीचे मराठी रूपांतर फार पूर्वीच केले. परंतु तिचे निकष, म्हणजे कोणत्या वयाला किती गुण सरासरी मानायचे ते, जुने असल्याने अलीकडची चाचणी उपलब्ध आहे का, हे अवश्य विचारा. बुद्ध्यांकाची सरासरी 100 धरली, तर 130 च्या वर शंभरात साधारण दोनच मुले असतात, आणि या वयात झोप, भूक किंवा अनोळखी खोलीची भीती यांमुळेही गुण खाली येतात. म्हणून एका आकड्यावर न थांबता सविस्तर लेखी अहवाल मागून घ्या. मुलीला "आज काही कोडी सोडवायची आहेत" एवढेच सांगा, आणि मिळालेला आकडा कृपया नातेवाइकांत सांगू नका.