करडईच्या तेलात पीएचची पट्टी का हलत नाही

दादा, तुमचा प्रश्न असा: घाण्यावरच्या करडईच्या तेलात पीएचची पट्टी बुडवली, रंग हलला नाही, म्हणून तेलात आम्ल नाही असं धरलंत. लॅबचा रिपोर्ट मात्र अ‍ॅसिड व्हॅल्यू (तेलातल्या सुट्या आम्लाचं माप) ३.२ म्हणतो. तुमचा पीएच मीटर बोअरच्या पाण्यात ८.१ दाखवतो, त्यामुळे तो बिघडलेला वाटत नाही, पण तेलात त्याचे आकडे नुसते भरकटतात. मग खरं काय मानायचं?

रिपोर्ट खरा माना. पीएच ही पाण्याची मोजणी आहे. १९०९ साली सोरेन्सन यांनी ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, म्हणजे बिअरवाल्यांच्याच लॅबमध्ये. पाण्यात सुटे झालेले हायड्रोजन आयन किती, एवढंच ती सांगते. तेलात फॅटी अ‍ॅसिड असतं, पण त्याचे आयन सुटत नाहीत; अख्खा रेणू तेलात विरघळून पडलेला असतो. पट्टीवरच्या रंगालाही पालटायला पाणीच लागतं. मीटरच्या काचेच्या बल्बवर तेलाचा थर बसला की आकडा भरकटणारच. वर तो बल्ब नीट धुतला नाही तर पुढे पाण्याचंही माप चुकतं, तेव्हा मीटर तेलात घालणं आजपासून बंद करा.

काही जण तेलात पाणी टाकून, हलवून, खालच्या पाण्याचा पीएच बघतात. तो आकडा खरा असतो, पण प्रश्न वेगळा असतो. पाण्यात विरघळणारी आम्लं, उदाहरणार्थ गम (तेलातला चिकट गाळ) काढायला वापरलेलं आणि धुवायचं राहिलेलं फॉस्फोरिक अ‍ॅसिड, त्यात सापडतात. ओलिक, लिनोलिक ही लांब साखळीची आम्लं पाण्यात उतरतच नाहीत. घाण्याच्या तेलात असते ती हीच.

आता पाण्याचं बघू, कारण तिथेही पीएच सगळं सांगत नाही. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचा पीएच साधारण २.५ येतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पातळ करत तेवढ्याच पीएचला आणता येतं. तरी १ लिटर व्हिनेगर मारायला २६ ग्रॅमच्या वर कॉस्टिक सोडा लागतो, आणि त्या दुसऱ्या बाटलीला ग्रॅमचा आठवा हिस्सा पुरतो. पीएच म्हणजे आज मोंढ्यात आलेली आवक. भाव वाढेल म्हणून घरोघरी थप्पी लावून ठेवलेलं सोयाबीन, म्हणजे रेणूत अडकून राहिलेलं आम्ल, त्यात धरलेलं नसतं. टायट्रेशन, म्हणजे आम्ल संपेपर्यंत थेंब थेंब अल्कली (आम्ल मारणारं द्रावण) घालून मोजणं, करताना आवक उचलली की घरातला माल बाहेर पडत राहतो, आणि शेवटचं पोतं संपेपर्यंत मोजणी चालते. दूध संकलन केंद्रावर लॅक्टिक अ‍ॅसिडचा टक्का काढतात तो याच कारणाने.

तुमच्या बोअरचंही तेच, फक्त उलट बाजूने. पीएच ८.१ हे पिण्याच्या पाण्याच्या ६.५ ते ८.५ या भारतीय मानकात बसतं. पण फवारणीसाठी ते खाली आणायला किती आम्ल लागेल हे पीएच सांगणार नाही. ते पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं. त्यासाठी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मोजून घ्या. आपल्या काळ्या रानातल्या बोअरला ती बऱ्याचदा भरपूर निघते, म्हणून शेजाऱ्याचं 'टाकीला एक टोपण' हे माप आपल्या टाकीला लावू नये.

परत तेलाकडे. अ‍ॅसिड व्हॅल्यू म्हणजे १ ग्रॅम तेलातलं सुटं फॅटी अ‍ॅसिड मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागलं. हे घाण्यावरही करता येतं. १० ग्रॅम गाळलेलं तेल फ्लास्कमध्ये तोलून घ्या. त्यात ५० मिली अल्कोहोल घाला. रेक्टिफाइड स्पिरिटच्या परवान्याची कटकट नको असेल तर आयसोप्रोपिल चालतं. फिनॉल्फ्थेलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारा इंडिकेटर) थोडे थेंब, मग ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या नळीतून) ०.१ नॉर्मल, म्हणजे ठराविक ताकदीची, अल्कली थेंब थेंब सोडा आणि फ्लास्क जोरात फिरवत राहा. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो उडाला तरी अजून थेंब घालत बसू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड तो खातो.

समजा ५.७ मिली लागले. ५६.१ गुणिले ०.१ गुणिले ५.७, भागिले १०, म्हणजे ३.२. तुमच्या रिपोर्टचा आकडा. ५६.१ च्या जागी २८.२ घातले की ओलिक अ‍ॅसिडच्या हिशोबाने एफएफए, म्हणजे सुट्या फॅटी आम्लाचा, टक्का मिळतो, १.६. हे दोन आकडे लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. व्यापारी 'दीड टक्का' म्हणतो, लॅब 'तीन' म्हणते, आणि दोघं एकाच तेलाबद्दल बोलत असतात. खोबरेल असेल तर टक्का लॉरिक अ‍ॅसिडवर काढतात, पामतेलाला पामिटिकवर. म्हणून टक्का कोणत्या आम्लाचा हे विचारून घ्या.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा अल्कोहोलमुळे. बाटलीतलं अल्कोहोल स्वतः किंचित आंबट असतं. तेलात घालण्याआधी त्यातच फिनॉल्फ्थेलीन टाकून एखादा थेंब अल्कलीने फिकट गुलाबी करून घ्या, नाहीतर त्याचं आम्ल तुमच्या तेलाच्या नावावर चढतं. अल्कलीची बाटली उघडी राहिली की ती कमजोर होते, तिची नॉर्मॅलिटी अधूनमधून तपासावी लागते. चष्मा आणि हातमोजे घाला, आणि जवळ शेगडी नको.

तेल गडद असेल तर गुलाबी दिसतच नाही. सरकीचं कच्चं तेल किंवा इंजिनाचं काळं तेल घ्या, डोळे फोडून उपयोग नाही. तिथे अल्कली ब्लूसारखा दुसरा इंडिकेटर, नाहीतर सरळ इलेक्ट्रोड. हो, तोच काचेचा इलेक्ट्रोड! पण तेल टोल्युइन, आयसोप्रोपिल आणि चिमूटभर पाण्याच्या मिश्रणात विरघळवून, आणि पीएच न वाचता मिलिव्होल्ट कुठे उडी मारतो ते बघून. वंगणाचा टीएएन, म्हणजे एकूण आम्लाचा आकडा, असाच काढतात. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मर तेलालाही हेच एकक लावतात, पण तिथे नव्या तेलाला मर्यादा फारच कडक असते.

३.२ वाईट का? कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात थंड दाबाच्या तेलाला ४ पर्यंत मुभा आहे, रिफाइंडला ०.६. म्हणजे तुम्ही आत आहात, पण फार ऐसपैस नाही. माझा संशय बियांवर आहे. ओल राहिलेल्या किंवा फुटक्या करडईत लायपेज नावाचं एन्झाइम घाण्याआधीच तेल फोडायला लागतं. वाळवण आणि चाळण सुधारा, तळाची गाद तेलात मुरू देऊ नका.

आणि खवट वास येत असेल तर तो अ‍ॅसिड व्हॅल्यूत दिसेलच असं नाही. करडईच्या साध्या वाणांत लिनोलिक भरपूर असतं, ते हवेने लवकर बिघडतं. त्यासाठी पेरॉक्साइड व्हॅल्यू (हवेने झालेल्या बिघाडाचं माप) वेगळी मागावी लागते. पुढचा नमुना पाठवाल तेव्हा दोन्ही चाचण्या लिहून द्या, काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा आणि उन्हात ठेवू नका.