‘ट्रिगर’ला घोडा म्हणावं की चाप?

प्रश्न एका पालकाचा आहे. त्या लिहितात: “माझी मुलगी दोन वर्षं दहा मीटर एअर रायफलचा सराव करते आहे. तिच्यासाठी नवी रायफल घ्यायची म्हणून मी बरीच परीक्षणं वाचली, सगळी इंग्रजीत. आता क्लबातल्या इतर पालकांसाठी त्यांतली माहिती मराठीत लिहून काढते आहे आणि पहिल्याच पानावर अडले. ट्रिगरला घोडा लिहू की चाप? बातम्यांत ‘घोडा दाबला’ असं वाचते, माझे वडील चाप म्हणतात, आणि रेंजवर सगळे ट्रिगरच म्हणतात. पेलेटला छर्रा म्हटलेलं चालेल का, तेही सांगा.”

तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. चाप लिहा. घोडा हा बंदुकीचा दुसराच भाग आहे, आणि परीक्षण लिहिताना तो शब्द तुम्हाला त्याच्या खऱ्या जागी लागणार आहे. म्हणून तो ट्रिगरवर खर्च करू नका.

घरात दिवाळीतलं टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल असेल तर ते हातात घ्या. मागे वरच्या बाजूला अंगठ्याने ओढायचा एक तुकडा असतो. तो मागे ओढला की कट् असा आवाज होऊन तिथेच थांबतो. खाली कडीच्या आत तर्जनी जाते आणि एक वाकडी पट्टी दाबते. ती दाबली की वरचा तुकडा सुटतो, टिकलीवर आपटतो आणि बार होतो. वरचा आपटणारा तुकडा म्हणजे घोडा. खालची बोटाने दाबायची पट्टी म्हणजे चाप.

मला हा फरक आजोळी कळला, रत्नागिरी जिल्ह्यात. मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी आणि माकडांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर गोणपाटाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. ठासायची म्हणून ठासणीची. मागे नळीच्या बुडाशी एक छोटी बोंडी आणि तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी. घोडा त्या टोपीवर पडतो, टोपी पेटते आणि आग आत जाते. मामा बंदूक खुंटीवरून काढताना आम्हा पोरांना दरवेळी एकच वाक्य सांगायचा: “घोडा चढलेला असला तर चापाकडे बोट न्यायचं नाही.” त्या एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत, आणि दोन्ही नसते तर त्या वाक्याला अर्थच उरला नसता.

आता शब्दांच्या पोटात जाऊ. चाप म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं? केसांचा चाप, कागदांचा चाप, उंदराच्या पिंजऱ्याचा चाप. ‘चापणे’ म्हणजे दाबणे, आणि साडी चापूनचोपून नेसतात ती त्यातलीच. खर्चाला चाप लावतात, उधळपट्टीला चाप बसतो. या सगळ्यांत चापाचं काम एकच, धरून ठेवण्याचं. ट्रिगर तर गोळी सोडतो, मग त्याला धरून ठेवणाऱ्याचं नाव कसं, असा प्रश्न इथे पडेल. मलाही बरीच वर्षं तो पडायचा. बंदूक उघडून पाहिली की उत्तर मिळतं. घोड्याच्या मागे ताठ स्प्रिंग असते. घोडा मागे ओढला की त्याच्या बुडाच्या खाचेत चापाचं वरचं टोक, किंवा चापाला जोडलेला तुकडा, जाऊन अडकतो. सगळा ताण त्या नखाएवढ्या टोकावर पेललेला असतो. बोटाने चाप दाबला की टोक खाचेतून निसटतं आणि घोडा सुटतो. म्हणजे बंदुकीत पूर्ण वेळ चाप धरूनच ठेवत असतो, सोडतो तो फक्त एक क्षण. ज्या कुणी कारागिराने हे नाव पहिल्यांदा वापरलं, त्याला यंत्र आतून माहीत होतं.

घोडा हे नावही असंच डोळस आहे. त्याला ‘चढवतात’ आणि सुटला की तो उडी घेतो. गंमत अशी की बऱ्याच भाषांना या तुकड्यात जनावरच दिसलं. इंग्रज, जर्मन आणि तुर्कांना कोंबडा दिसला. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीजांनी त्याला कुत्रा केला. चकमकीच्या बंदुकीत या तुकड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असायची आणि ती पोलादावर घासून ठिणगी पडायची, म्हणून चोच नि जबडा आठवणं साहजिक होतं. आपल्याकडे मात्र घोडाच राहिला. (ठिणगी पाडणाऱ्या त्या चकमकीचा शब्द मूळचा तुर्की. पोलीस आणि दरोडेखोर यांच्यात ‘चकमक उडाली’ असं आपण आज लिहितो तेव्हा ‘उडाली’ या क्रियापदात ती ठिणगी अजून शिल्लक आहे.)

मग बातम्यांत ‘घोडा दाबला’ आलं कुठून? माझ्या मते मोठं कारण रिव्हॉल्वर आहे. ठासणीच्या बंदुकीत घोडा अंगठ्याने चढवायचा आणि चाप बोटाने दाबायचा, अशी दोन वेगळी कामं होती. बऱ्याच रिव्हॉल्वरांत चाप दाबत नेला की त्याच हालचालीत घोडा आपोआप चढतो आणि पडतोही. बघणाऱ्याला एकच क्रिया दिसते, मग दोन नावं कशाला लागतील? पुढे पुष्कळ पिस्तुलांत घोडा आतच गेला. बाहेर दिसणारा आणि हलणारा भाग एक चापच उरला, आणि मोकळं झालेलं नाव त्याच्याकडे सरकलं. हिंदीत ‘घोड़ा दबाना’ सर्रास आहे, त्याचाही हातभार लागलाच. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर ‘घोडा’ म्हणजे अख्खं पिस्तूल. शब्द असे सरकतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गोष्टीत किंवा बोलण्यात कुणी ‘घोडा दाबला’ म्हटलं तर मी दुरुस्त करायला जाणार नाही. पण तुम्ही लिहिताय ते परीक्षण आहे. त्यावर भरवसा ठेवून कुणी तरी लाखांच्या घरातली वस्तू विकत घेणार आहे. तिथे भागांची नावं नेमकीच हवीत.

कारण नेमबाजीच्या परीक्षणात सगळ्यात जास्त मजकूर चापावरच असतो. बंदूक वॉल्थर कंपनीची असो, फाइनवेर्कबाऊची असो की मोरिनीची, पाहणारा पहिल्यांदा विचारतो ते चापाचं. किती भाराला सुटतो? पहिला टप्पा, म्हणजे सुटण्याआधीची हलकी चाल, किती लांब आहे? दुसऱ्या टप्प्याची भिंत, म्हणजे जिथे बोट अडतं आणि जरा जास्त दाब लागतो ती जागा, स्पष्ट लागते का? सुटल्यानंतर किती मागे जातो? आंतरराष्ट्रीय नियमांत तर चापाचा भार मोजून पाहतात. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप निदान 500 ग्रॅमचा हवा, पंचवीस मीटर पिस्तुलाचा निदान 1000 ग्रॅमचा. तपासणीची रीत बघण्यासारखी आहे. पिस्तुलाची नळी उभी आकाशाकडे करतात, चापाला तेवढ्या वजनाचा लोलक अडकवतात आणि पिस्तूल सावकाश वर घेतात. लोलक टेबलावरून उचलला जाईपर्यंत चाप सुटता कामा नये. म्हणजे चाप सोडतो किती चटकन यापेक्षा धरून किती ठेवतो तेच तिथे पाहतात. एअर रायफलला अशी खालची मर्यादा नाही, म्हणून तिथे चाप इतके हलके लावलेले असतात की नवख्याचं बोट टेकताच सुटतो. तुमच्या मुलीला हे माहीत असेलच.

आता याच परिच्छेदात तुम्ही चापाऐवजी ‘घोड्याचं वजन’ लिहिलंत तर जाणकार वाचक भलताच अर्थ घेईल. घोड्याचं वजन ही खरंच वेगळी बाब आहे. घोडा हलका असेल तर सुटल्यापासून आपटेपर्यंत वेळ कमी लागतो आणि तेवढ्या वेळात नळी कमी हलते. आजच्या दाबलेल्या हवेवरच्या रायफलींतही आत एक छोटा घोडा असतोच. तो बाहेरून दिसत नाही. तो झडपेवर आपटतो, झडप क्षणभर उघडते आणि हवा छर्ऱ्याला ढकलते. परीक्षणात त्याचा उल्लेख येईल, आणि त्याच्यासाठी घोडा हा शब्द तुम्हाला राखून ठेवायलाच हवा.

काही पिस्तुलांचा चाप विजेवर चालतो. तिथे बोटाखाली खाच-टोक काही नसतं, असतो तो एक स्विच. याला खटका म्हणावं असं कुणी सुचवेल. मी तरी चापच ठेवीन, कारण नेमबाजाच्या बोटाला तो चापच आहे. सेफ्टीसाठी मात्र खटका छान बसतो, ‘सेफ्टीचा खटका’. आणखी एक भाग तुम्हाला लागेल, प्रत्येक वेळी पिस्तूल चढवण्याची दांडी. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली मनू भाकरच्या पिस्तुलाची हीच दांडी ऐन पात्रता फेरीत मोडली आणि दुरुस्तीत तिचा मोलाचा वेळ गेला. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ‘पिस्तुलात बिघाड’ असं म्हणण्यापेक्षा ‘पिस्तूल चढवण्याची दांडी मोडली’ म्हटलं की वाचकाला चित्र दिसतं. ‘चढवणे’ हे घोड्याचं क्रियापद, जिथे घोडा दिसत नाही तिथेही ते चपखल बसतं.

क्रियापदावरून आठवलं. चाप ‘ओढला’ असंही लिहितात आणि ते चूक नाही, रूढ आहे. पण रेंजवर प्रशिक्षक ओरडत असतात ते “ओढू नकोस, दाब, सावकाश दाब” असंच. ओढलं की मनगट हलतं आणि नळी ढळते. चापाच्या पोटात दाबणं आधीच आहे, तेव्हा परीक्षणात ‘चाप दाबणे’च वापरा.

आता छर्रा. खुशाल वापरा. जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीची नळी मोडून आत घालतात त्याला गावोगाव छर्राच म्हणतात, आणि तुमच्या मुलीच्या रायफलीत जातो तो त्याच कुळातला, 4.5 मिलिमीटरचा, फक्त जास्त काटेकोर बनवलेला. एकच अडचण आहे. बाराबोअरच्या काडतुसात पुष्कळ बारीक गोळ्या भरलेल्या असतात, त्यांनाही छर्रेच म्हणतात. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘डमरूच्या आकाराचा छर्रा’ असं लिहा. मध्ये कंबर असलेला हा आकार खरोखर डमरूचाच आहे, आणि काडतुसातल्या गोल छर्ऱ्यांशी त्याची गल्लत होत नाही. स्पर्धेच्या छर्ऱ्याचं डोकं सपाट असतं, त्यामुळे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. तेही एका वाक्यात सांगा. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याच्या नऊपट रुंद. नव्या पालकांना ही तुलना फार आवडते असा माझा अनुभव आहे.

बंदूक हा शब्दसुद्धा मुळात छर्ऱ्याच्याच घरचा आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, आपल्या बोराएवढं कवचाचं फळ. त्या आकाराच्या मातीच्या गोळ्या धनुष्याने मारायचे, त्यांनाही तेच नाव पडलं. पुढे दारूवर चालणारं हत्यार आलं आणि गोळीचं नाव हत्याराला मिळालं. तेव्हा छर्ऱ्याला गावंढळ समजून पेलेट लिहायची काही गरज नाही.

‘गोळी’ मात्र इथे नको. गोळी काडतुसाची. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 रोजी कांस्यपदक जिंकलं ते पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने. त्या रायफलीत 5.6 मिलिमीटरचं काडतूस जातं. काडतूस म्हणजे पुढची गोळी, आतली दारू आणि मागची पुंगळी हे सगळं मिळून. उडून लक्ष्यापर्यंत जाते ती गोळी, रायफलीतून बाहेर पडते ती रिकामी पुंगळी. तुमची मुलगी पुढे कधी पन्नास मीटरकडे वळली तर हे तिन्ही शब्द लागतील.

तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेलं वाक्य असं होतं: “या रायफलचा घोडा अतिशय हलका असून पेलेट सुटताना झटका जाणवत नाही.” मी ते असं लिहीन: “या रायफलीचा चाप अगदी हलका आहे. पहिला टप्पा लांब आणि मऊ, दुसऱ्याची भिंत बोटाला स्पष्ट कळते, आणि छर्रा सुटताना खांद्याला धक्का जाणवत नाही.”

वडिलांना माझ्यातर्फे एक विचारा. ठासणीच्या बंदुकीवरच्या त्या तांब्याच्या टोपीला तुमच्याकडे काय म्हणत? मामा टोपीच म्हणायचा, काही ठिकाणी केप ऐकलंय. त्यांचा शब्द वेगळा असेल तर मला जरूर कळवा.